सौ. अंबूताई टेंबे, सिंगापूर

कोथिंबीर निवडताना कुमुदताईंचं निम्मं लक्ष नेहमी खिडकीबाहेर असायचं. सेंगकांगच्या त्या बाराव्या मजल्यावरून एलआरटीची बिनड्रायव्हरची गाडी दिसायची. आपली गरगर फिरून पुन्हा जिथल्या तिथे यायची आणि कुणाला काही तक्रार नसायची. कुमुदताईंचंही तसंच चाललं होतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं? मुलगा धनेश, सून उल्का आणि पाचवीतली नात किमया एवढं घर. सकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, दोन फेऱ्या, दुपारी डुलकी, संध्याकाळी नातीची बडबड. इथे आलेले इतर आजीआजोबा दोन महिन्यांत कंटाळून 'आमचं पुणं बरं' म्हणत परत जायचे, पण कुमुदताईंना हे शहर पहिल्या दिवसापासून मानवलं होतं. का मानवलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं तर स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. तर अशी निम्मी जुडी निवडून झाली होती, आणि समोर टेबलावर कोपर टेकून किमया एका पिवळ्या पुस्तिकेत बोट फिरवत होती. शाळेत ती हिंदी शिकायची, त्यामुळे अक्षरं लागायची, अर्थ मागाहून धावत यायचा. ती वाचत होती, "सौ... अं-बू-ता-ई टें-बे." मग एकदम खुर्चीवर उभी राहिली. "आजी! सिंगापूर लेह! हिअर, सी, सिं-गा-पूर!" कुमुदताईंच्या हातातली काडी खाली पडली. अडुसष्ट वर्षांत अंबू टेंबे हे नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"चष्मा आत आहे माझा," त्या म्हणाल्या. चष्मा डोक्यावर होता, पण पोरीचं लक्ष नव्हतं. ती केव्हाच हवेत गेली होती. शुक्रवारी शाळेत प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू नेऊन तिची गोष्ट सांगायची होती. वर्गातल्या जिया हुईच्या पणजोबांचं हौगांगला औषधाचं दुकान होतं, ते अजून आहे, आणि ती तिथला पितळी तराजू आणणार होती. दुसऱ्या कुणाची पणजी सांपान होडीत जन्मली होती. किमयाकडे काय होतं? बाबांचा लॅपटॉप. दर वेळी वर्गात कुणीतरी विचारायचंच, यू फ्रॉम व्हेअर, आणि सेंगकांग म्हटलं की पुन्हा विचारायचं, नो, रिअली फ्रॉम व्हेअर, अशा सुरात. पण आता हे सापडलं होतं. "तुझ्या बाबांचं मेडिसिन इकडे यायचं, आजी! नाइन्टीन फॉर्टी-सिक्स! बाबांच्या आधी, सगळ्यांच्या आधी! वी वेअर ऑलरेडी हिअर, व्हॉट!" एवढं म्हणून ती आईला सांगायला आत पळाली. कुमुदताई कोथिंबिरीकडे बघत बसल्या. छापलं होतं तर. अण्णांनी ते छापलं होतं.

पुस्तिका बेळगावहून आली होती. धाकट्या भावाने, अभयने, खडेबाजारातलं दुकान विकण्याआधी माळा साफ केला, तेव्हा ट्रंकेत एकच प्रत निघाली. ती त्याने सिंगापूरला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडून दिली. वर चिठ्ठी : ताई, तुझ्या लहानपणची, तूच ठेव. कुमुदताईंनी पहिलं पान उघडलं होतं. वडिलांचा, अण्णांचा फोटो होता, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि खाली 'आजगावकर अँड सन्स, केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. पाटी रंगवली तेव्हा सन्सचा पत्ता नव्हता, होती ती एकटी कुमी. पण नुसतं आजगावकर म्हटलं की वाण्याचं दुकान वाटतं, असं अण्णांचं मत. फोटो पाहून डोळे भरले तेव्हा त्यांनी पुस्तिका मिटली आणि कपाटात ठेवली. पुढची पानं उलटण्याचा धीर नव्हता. त्या पानांत काय असू शकतं ते त्यांनाच ठाऊक होतं, आणि बहुधा नसेलच, अण्णांनी तेव्हाच काढून टाकलं असेल, अशी त्यांनी आयुष्यभर समजूत घालून घेतली होती.

दुकान म्हणजे वासांचं घर होतं. दारातून आत शिरताना आधी कार्बोलिक साबण, मग ओव्याचा अर्क, मग टिंक्चर आयोडीन, आणि अगदी आत, जिथे अण्णा पडद्याआड औषधं बनवायचे, तिथे वेलदोडा आणि पेपरमिंट. कँटोनमेंटमधले गोरे सोजिर यायचे, त्यांना एप्सम सॉल्ट लागायचं आणि केसांचं पोमेड. गावातल्या बायका यायच्या, त्यांना एरंडेल लागायचं आणि क्विनाइनच्या गोळ्या. विषारी औषधांच्या बाटल्या निळ्या आणि खरबरीत, अंधारात हात पडला तरी कळावं म्हणून. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवायची असे. लांबट कागद चार-पाच घड्या घालून दुमडायचा, दोन्ही कडांना कात्रीने तिरके कोपरे उडवायचे आणि उलगडायचा. की झाली खाचाखाचांची पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस. हे काम कुमीचं. सात वर्षांची असल्यापासून ती इतक्या सुबक पट्ट्या कापायची की अण्णा गिऱ्हाइकांना दाखवायचे. पण दुकानाचा खरा मान होता तो शूलांतकाला. आजगावकरांचे सुप्रसिद्ध शूलांतक, पोटशूळ, मुरडा, अजीर्ण, मळमळ, स्त्रियांचे विकार, सर्वांवर रामबाण. लाल रंग, गोड चव. आत ओव्याचं पाणी, सुंठीचं टिंक्चर, थोडं क्लोरोफॉर्म वॉटर आणि बाकी साखरेचा पाक. पोटात ऊब यायची आणि डोळ्यांवर झापड. रामबाण म्हणायला तेवढं पुरायचं.

आणि प्रशस्तिपत्रं. दर दिवाळीला अण्णा पुस्तिका छापून फुकट वाटायचे. तिच्यात तिथी-वार, ग्रहणं, दोन-चार लोणच्यांच्या कृती आणि शेवटी आठ पानं लोकांची पत्रं. 'आपल्या औषधाने मला जणू पुनर्जन्म दिला' अशी. ती पत्रं कोण लिहायचं? लिहायची कुमी. पहिल्या वर्षी खरीखुरी तीन पत्रं आली होती, त्यांतल्या एकात बूच कुजकं निघाल्याची तक्रार होती. तीन पत्रांनी आठ पानं कशी भरणार? अण्णा म्हणाले, सगळेच असं करतात, मोठ्या मोठ्या विलायती कंपन्यासुद्धा करतात, आणि कुमीला समोर बसवून शिकवलं. आधी दुखणं नीट सांगायचं. मग तीन बाटल्या. पहिलीने झोप, दुसरीने भूक, तिसरीने माणूस कामाला. मग आभार, मग नाव आणि गाव. गाव लांबचं असावं, म्हणजे कुणी चौकशीला जात नाही. कुमी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसायची आणि खांडव्याच्या स्टेशनमास्तरांना, कराचीच्या वकिलांना, एडनच्या पेढीवरच्या मुनिमांना धडाधड बरं करायची. पंडुरोग, आमांश, भस्म्या, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. अण्णा वाचताना हसून डोळे पुसायचे. "कुमे, मुनिमाला दोनदा मूल झालंय गं या पत्रात," म्हणायचे आणि एक मूल खोडायचे. छापखाना मागत होता म्हणून पत्रं तिच्या वळणदार अक्षरातच जायची. त्या दोन दिवाळ्यांइतकं सुखाचं काही त्यांना आयुष्यात आठवत नव्हतं, आणि त्याचीच तर लाज वाटत होती.

रात्रीच्या जेवणाला धनेशला कळलं. "म्हणजे अण्णा आजोबांचा एक्सपोर्ट होता!" तो भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाला. "आई, तू कधी बोलली नाहीस. आमच्या खानदानात पहिला सिंगापूरला आलेला मी नव्हेच मग, औषधच आधी आलं. ग्रुपवर टाकतो." कुमुदताई म्हणाल्या, "आत्ता नको टाकूस." "का?" "शुक्रवार होऊ दे." उल्काने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आमटी वाढली. उल्का शहाणी होती, सासू काही गिळतेय हे तिला कळायचं, पण विचारायची नाही. समोर किमया चार्ट पेपरवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहीत होती, माय ग्रेट-ग्रँडफादर्स मेडिसिन केम टू सिंगापूर बिफोर मी. अक्षर कुमुदताईंवर गेलं होतं. पोरगी शुक्रवारी वर्गासमोर उभी राहून खोटं सांगणार, आणि ते खोटं आपलं. सांगितलं नाही तर पोरगी खुशीत राहील, अण्णांचं नाव राहील, कुणाच्या बापाचं काही जात नाही. सांगितलं तर? तर सत्तर वर्षांनी, परक्या मुलखात, अण्णा खोटारडे ठरणार आणि किमया पुन्हा लॅपटॉप घेऊन शाळेत जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हौगांगला गेल्या. दोन तर स्टेशनं. एकट्या एमआरटीने फिरायला त्या कधीच शिकल्या होत्या, आणि महिन्यातून एकदा तरी बाजारामागच्या त्या चिनी औषधांच्या दुकानात जायच्या. घ्यायचं काही नसे, वासासाठी जायच्या. वासाची जात वेगळी, ज्येष्ठमध आणि वाळलेली संत्र्याची सालं आणि आणखी कसले कसले पालापाचोळे, पण सगळे मिळून जो एक कडवट-गोड दम बनतो तो मात्र थेट खडेबाजारातला. भिंतभर लाकडी खण, आणि गंजीतला म्हातारा मालक. जिया हुईचे पणजोबा हेच होते की आणखी कुणी, हे त्यांनी विचारलं नाही. म्हातारा कुणासाठी तरी भुकटीच्या पुड्या बांधत होता. चौकोनी कागद, मधे भुकटी, एक कड अर्ध्यावर, मग दोन्ही बाजू आत, आणि शेवटचं टोक खाचेत. कुमुदताई बघत राहिल्या. हीच घडी. अण्णांचीच घडी, जशीच्या तशी. त्यांनी न विचारता एक कागद ओढला आणि रिकामी पुडी बांधली. बोटांना अजून येत होती. म्हाताऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली, नखाने टोक दाबलं आणि दात नसलेलं हसू हसला. "सेम सेम. आंटी ऑल्सो मेडिसिन शॉप?" "फादर," कुमुदताई म्हणाल्या. "फादर मेडिसिन गुड?" आता याला काय सांगावं? त्यांनी हात हलवला. "मेडिसिन सो-सो," त्या म्हणाल्या. "फादर गुड." म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला, आणि त्याने त्यांना स्टुलावर बसवून कसला तरी गरम काढा दिला. तो गोड होता, पोटात ऊब आली.

त्या स्टुलावर बसल्या बसल्या मग सगळं सरळ समोर आलं. ज्या वर्षी अभय रांगायला लागला त्या वर्षी आईने अंथरूण धरलं. पोटात कळा, अंगात बारीक ताप, अन्न नको. डॉक्टर येत होते, जात होते. अण्णा पडद्याआडून शूलांतकाची बाटली आणायचे आणि कुमीने कापलेली पट्टी तिच्यावर चिकटवायचे. कुमी रोज बघायची, एकेक खाच खाली जायची. तीन बाटल्या झाल्या. चौथी झाली. तीन बाटल्यांनी माणूस कामाला लागतो, हे तिनेच पन्नासदा लिहिलं होतं, मग आई का उठत नाही? आई उठून बसायची ती फक्त एका कामासाठी. सकाळी कुमीला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायची. हात थरथरायचे, मधेच थांबून दम खायची, पण पेड सैल पडू द्यायची नाही. भाद्रपदात आई गेली. कुमीने त्यानंतर कुणाला केसांना हात लावू दिला नाही. आत्याने फणी घेतली की ती किंचाळायची. अण्णांनी एकदा स्वतः प्रयत्न केला, ग्रेनच्या बारीक मापात औषध तोलणारी ती बोटं, पण केस बघून त्यांना रडूच फुटलं आणि फणी खाली ठेवून ते दुकानात गेले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात कँटोनमेंटमधला एक हवालदार दुकानात आला होता. सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला. गावी मेल्याची तार गेली, दिवस झाले, बायकोने कुंकू पुसलं. आणि चार वर्षांनी हा गडी हाडांचा सापळा होऊन का होईना, आपल्या पायांनी अंगणात येऊन उभा राहिला. दुकानात सगळे त्याला बघायला जमले होते. "कुठं होतास रे इतकी वर्षं?" "सिंगापूरला," तो म्हणाला. कुमी काउंटरमागे पट्ट्या कापत होती. तिने ते शांतपणे मनात ठेवून दिलं. मेली म्हणून ज्यांना लोक रडतात, ती माणसं सिंगापूरला असतात. मग भाद्रपद आला, लोक रडले, आणि कुमीला हिशेब लागला. दिवाळीच्या पुस्तिकेसाठी अण्णांनी त्या वर्षी काही सांगितलं नव्हतं, ते सांगण्याच्या अवस्थेत नव्हतेच. तिने आपणहून एक पत्र लिहिलं आणि गठ्ठ्यात सारलं. आईचं सासरचं नाव रमा, ते घालून कसं चालेल, लगेच ओळखतील. म्हणून माहेरचं घातलं. अंबू टेंबे. ते नाव घरात फक्त अण्णांना आणि कुमीला माहीत होतं, कारण आई वेणी घालताना माहेरच्या गोष्टी सांगायची.

दिवाळीत मावशी येऊन कुमीला धारवाडला घेऊन गेली. परत आली तोवर पुस्तिका वाटून संपल्या होत्या. अण्णांनी एकदाच विचारलं, काउंटरवर मान खाली घालून, "कुमे, पुस्तिका पाहिलीस का गं या वर्षीची?" कुमी म्हणाली, "हो, पाहिली." पाहिली नव्हती. बघायची नव्हती. त्यात पत्र नसलं तर आई कुठेच नाही, आणि असलं तर ते खोट्या पत्रांत छापलंय, म्हणजे तीही मुनिमासारखीच. अण्णांनी तिच्या मोकळ्या, गुंतलेल्या केसांकडे बराच वेळ बघितलं आणि खल पुसायला घेतला. पुढल्या महिन्यात आत्याने कात्री आणून ते केस मानेपर्यंत कापून टाकले. कुमीने पुन्हा पत्रं लिहिली नाहीत, अण्णांनी सांगितलीही नाहीत. शूलांतक हळूहळू बंद पडलं. अण्णा आणखी पंचवीस वर्षं जगले आणि त्या विषयावर बापलेकीत एक शब्द झाला नाही. मात्र धनेशने फोनवर 'आई, सिंगापूरला जॉब मिळाला' म्हणून सांगितलं तेव्हा कुमुदताईंच्या छातीत जे काय हललं, ते मुलाच्या नोकरीचं नव्हतं. आणि इथे आल्यावर बंदराच्या बाजूला कधी मोटारीतून गेलं की त्या खिडकीशी सरकून बसायच्या. वेडेपणा, दुसरं काय. पण सुखाचा वेडेपणा.

घरी आल्या तेव्हा किमया शाळेतून आलेली होती आणि नूडल्स खात होती. कुमुदताईंनी पायातल्या चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि तिच्यासमोर बसल्या. "ऐक. मला काही सांगायचंय. ते पत्र खरं नाही."

"विच पत्र?"

"सिंगापूरचं. सगळीच खरी नाहीत. मी लिहिली ती. तुझ्यापेक्षा लहान होते."

किमयाने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "फेक?"

"हो."

"ऑल?"

"तीन सोडून."

"सो युअर फादर चीट पीपल आह?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं, तरी तो लागला. काहीतरी सावरून घेता आलं असतं. तेव्हा सगळेच करायचे, औषध काही वाईट नव्हतं, वगैरे. "हो," कुमुदताई म्हणाल्या. "फसवायचे. फार नाही, पण फसवायचे. आणि मी मदत करायचे, आनंदाने. पोटाला जरा बरं वाटायचं त्या औषधाने, मोठं दुखणं काही बरं व्हायचं नाही. माझ्या आईचं नाही झालं."

किमयाचे डोळे भरून आले होते, पण ते आजीच्या आईसाठी नव्हते, हे स्पष्ट होतं. चार्ट पेपर भिंतीला टेकून उभा होता. "नाऊ आय हॅव नथिंग," ती म्हणाली. मग नाक ओढून, जरा रागानेच, "मग सिंगापूर का लिहिलं तू? यू डोन्ट इव्हन नो सिंगापूर!"

तेव्हा कुमुदताईंनी तिला हवालदार सांगितला. आईचं अंथरूण सांगितलं, पट्टीवरच्या खाचा सांगितल्या, माहेरचं नाव म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी हे आयुष्यात प्रथमच कुणाला सांगितलं होतं, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीची फोडणी देत सांगताना ते अगदी साधं वाटत होतं, एवढं साधं की इतकी वर्षं गिळून ठेवायचं काय कारण होतं असं वाटावं. किमया ऐकत होती. नूडल्स गार झाल्या.

"सो शी वॉज हिअर," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या आईला तू इकडे ठेवलं. नियर द पोर्ट."

"हो. बंदराजवळ."

किमयाने पुस्तिका आणली आणि त्या पानावर उघडून आजीपुढे ठेवली. "वाच. प्रॉपर वाच." कुमुदताईंनी चष्मा खाली ओढला. आता भ्यायला उरलं काय होतं?

'रा. रा. आजगावकर यांसी, मला एक वर्षापासून पोटात शूळ व अंगात बारीक ताप होता. अन्न जात नव्हते. आपल्या शूलांतकाच्या तीन बाटल्या घेतल्या. पहिलीने झोप लागली. दुसरीने भूक लागली. तिसरीने मी उठून बसले व आता सर्व कामे करते. मी येथे आहे हे पुष्कळ लोकांना माहीत नाही. आपली आभारी, सौ. अंबूताई टेंबे, बंदराजवळ, सिंगापूर.'

शब्द न शब्द तिचाच. अण्णांनी काही खोडलं नव्हतं. कुमुदताई चष्मा काढणार तोच किमयाने बोट टेकवलं. "देअर्स मोअर. ता... क... ता.क. म्हणजे काय?"

"ताजा कलम. पत्र संपल्यावर आठवतं ते. पण मी ताजा कलम लिहिला नव्हता."

खाली बारीक टायपात चार ओळी होत्या. कुमुदताईंनी त्या मनात वाचायला सुरुवात केली, मग किमयाने "लाउडली, आजी" म्हटलं म्हणून मोठ्याने वाचल्या.

'ता. क. : तिकडे माझी एक मुलगी आहे. तिचे अक्षर फार सुंदर आहे. मी येथे बरी आहे, तिने माझी काळजी करू नये. वेळेवर जेवावे, व आत्याकडून रोज वेणी घालून घ्यावी. केस मोकळे ठेवू नयेत.'

कुमुदताईंनी ते दुसऱ्यांदा वाचलं नाही. पुस्तिका टेबलावर ठेवून तिच्यावर हात ठेवला. अण्णांनी विचारलं होतं, पाहिलीस का, आणि ती हो म्हणाली होती. ते तिच्या केसांकडे बघत राहिले होते. त्यांना वाटलं असणार, पोरीने आईचा निरोप वाचला आणि तरी ऐकला नाही. किंवा वाटलं असणार की माझी लबाडी ओळखली. पंचवीस वर्षं त्यांना यातलं काहीतरी एक वाटत राहिलं असणार, आणि ते कधी बोलले नाहीत. कुमुदताईंना रडू आलं. त्या चांगल्या मोकळेपणी रडल्या, नातीसमोर, पदर न लावता. आणि रडताना त्यांच्या हेही लक्षात येत होतं की आपल्याला फार बरं वाटतंय.

किमया गडबडून टिश्यूचा डबा घेऊन आली, मग बाजूला उभी राहून त्यांच्या पाठीवर थोपटू लागली. थोड्या वेळाने ती चार्ट पेपरकडे गेली, तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागली. कुमुदताईंनी डोळे पुसून वाकून बघितलं. लेटर फ्रॉम सिंगापूर, १९४६. रिटन बाय माय आजी, एज नाइन, अँड हर फादर. "धिस वन बेटर दॅन तराजू," ती आपल्याशीच म्हणाली. मग पेनचं टोपण दातात धरून विचारलं, "आजी, यू डिड ऑर नॉट?"

"काय?"

"वेणी."

"नाही गं. मला निरोप आजच मिळाला ना."

किमयाने यावर विचार केला. मग आतून तिची स्वतःची गुलाबी फणी आणि एक रबर बँड घेऊन आली. कुमुदताईंनी खुर्ची फिरवली आणि पाठमोऱ्या बसल्या. अंबाड्यातला काटा निघाला, फणी माथ्यावरून मानेपर्यंत आली, हलक्या हाताने, घाबरत. खिडकीबाहेर एलआरटी फेरी पुरी करून येत होती.

"आजी," मागून आवाज आला, "युअर हेअर सो लिटल लाह. वेणी होणार नाही."

"होईल तेवढी घाल," कुमुदताई म्हणाल्या. "सांगितलंय ना तिने."